दहा आकडी महाराज

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये लग्न असलं तरी एवढी गर्दी होत नाही, जेवढी त्या रविवारी दशांकनाथ महाराजांच्या दरबाराला झाली होती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. वॉचमनने गेट वाऱ्यावर सोडून आत जागा धरली होती. अर्धं मुलुंड पूर्व तिथे आलं होतं आणि उरलेलं अर्धं खिडक्यांना लटकलं होतं. मी दाराशी कशीबशी उभी होते. माझी सुलक्षणा आत्या मात्र सकाळपासून येऊन पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीत घरून आणलेली खुर्चीची गादी.

महाराज वयाने बेताचे, दाढीने भरपूर. डोक्याला जांभळा फेटा, तो दोन्ही कानांवरून पार खाली ओढलेला. छातीला छोटा माइक. मागे सोनेरी पडदा. बाकीचे महाराज हात बघतात, पत्रिका बघतात, हे मोबाईल नंबर बघायचे.

"माई, नाव सांगू नकोस!" ते गरजत. "गाव सांगू नकोस! दुःख तर मुळीच सांगू नकोस! फक्त तुझे दहा अंक बोल. तुम्ही लोक त्याला मोबाईल नंबर म्हणता, मी त्याला आत्म्याचा पत्ता म्हणतो. तुम्हाला काय वाटलं, नंबर कंपनीने दिला? कंपनी निमित्तमात्र! अंक वरून येतात, खालून फक्त बिल येतं!"

टाळ्या पडल्या. ए विंगचे राजारामभाऊ उठले आणि त्यांनी आपला नंबर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा सांगितला. महाराजांनी डोळे मिटले आणि घशातून "हम्म्म्म" असा लांब सूर काढला. सूर बराच वेळ चालला. मग एकदम डोळे उघडले.

"राजाराम!"

हॉलभर सुस्कारा उमटला. नाव सांगितलंच नव्हतं!

"गुडघा धरतो तुझा. पट्टा लावतोस."

"लावतो महाराज, लावतो!"

"आणि पोट! पोट साफ होत नाही तुझं. रात्री इसबगोल घेतोस!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. राजारामभाऊंना त्याचंही काही वाटलं नाही, ते भक्तीने हात जोडून उभे.

"तुझा जन्म," महाराजांनी बोट वर केलं, "वर्षाच्या पहिल्या दिवशी! एक जानेवारी!"

राजारामभाऊ जरा घोटाळले. "महाराज, शाळेत एक जून लावलंय माझं."

"शाळेने लावलं ते शाळेचं. आईला विचारलंस कधी?"

"आई गेली महाराज."

"मग!" महाराज म्हणाले.

या 'मग'वर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. का पडल्या ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर बी विंगची शकु उठली. तिचं छोटं बाळ आहे, हे महाराजांनी अचूक सांगितलं. तिलाही एक जानेवारी. ती म्हणाली, "माझा तर मार्चमधला आहे, बर्थ सर्टिफिकेट आहे माझ्याकडे." महाराज गोड हसले. "तो देहाचा, पोरी. आत्मा जानेवारीतच उतरला होता." शकु खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, तरीच मला थंडी सोसते.

मग आत्याची पाळी आली.

माझी आत्या देवगडकडची. लग्न होऊन मुंबईत आली त्याला जन्म लोटला, पण बोली तीच ठेवली. तिचे यजमान, आमचे गुणाजीकाका, गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात लागले. गेल्या वर्षी दम्याने गेले. तेव्हापासून आत्या आणि तिची मांजर, असं दोघींचं घर. मी वरच्या मजल्यावर राहते.

आत्याने अंक सांगितले. "हम्म्म्म," महाराज म्हणाले. "सुलक्षणा. रक्तात साखर आहे. दाबही आहे. घरात एक मुकं जनावर आहे, मांजर आहे." आत्या मान डोलावत होती. महाराजांनी आवाज खाली आणला. "आणि एक माणूस होता. त्याचा श्वास अडकायचा. पंप ओढायचा बिचारा. मग एक दिवस थांबला... तो इथेच आहे, सुलक्षणा. तो म्हणतोय, आलेपाकाची आठवण येते."

आत्याने हंबरडा फोडला. काकांना आलेपाकाच्या वड्या जीव की प्राण होत्या. हे घरच्यांशिवाय कोणाला माहीत असणार? खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"तो म्हणतोय," महाराज पुढे म्हणाले, "औषधांनी मला कुठे वाचवलं? तू त्या गोळ्या सोड. हे दशांक जल घे. दहा अंक म्हणायचे आणि दहा घोट घ्यायचे."

आत्याने जलाची बाटली पिशवीत घातली. माझ्या अंगावरचा काटा तिथेच उतरला आणि त्या जागी राग आला.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, तर गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच.

"आत्या, गोळी घेतलीस?"

"नाय."

"का?"

"ह्यांनी सांगल्यानी नको म्हणान."

"अगं, काकांना जाऊन वर्ष होत आलं!"

"म्हणानच सांगतत. जिते असताना खंय बोलत होते!"

"मी तुझ्या डॉक्टर माधुरीला फोन लावते."

"लाव. डाक्टरणीक आलेपाक ठावक होतो काय?"

त्या आठवड्यात मी तिला समजावलं, ओरडले, रडून दाखवलं. ती शांतपणे दहा अंक म्हणायची आणि दहा घोट घ्यायची. हळूहळू तिचं पाणी पिणं वाढलं, जिना चढताना ती मध्येच कठड्याला धरून उभी राहू लागली. शेवटी मी जबरदस्तीने बोट टोचून साखर मोजली, तेव्हा मशीनवरचा आकडा भलताच चढलेला होता. आत्या म्हणाली, मशीन बिघडला आसात. मला काकांच्या मागोमाग आत्या गमवायची नव्हती. पण आलेपाकाचं उत्तर सापडल्याशिवाय ती ऐकणार नव्हती, हेही मला कळून चुकलं होतं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. आम्ही दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो, आणि ते दिल्यावर जे दुकानदार वैतागून फोन करतात, त्यांच्याशी बोलणं हे माझं काम. 'मॅडम, गिऱ्हाइकाचं नाव सापडत नाही', 'मॅडम, एकच बाई तीनदा दिसते', असं दिवसभर चालतं. गुरुवारी घाटकोपरच्या एका साडीवाल्याचा फोन आला.

"मॅडम, मोठा लोचा झालाय. तुमचं सॉफ्टवेअर वाढदिवसाचा मेसेज सगळ्यांना एकाच दिवशी पाठवतं. लोक फोन करून शिव्या देतात."

मी नेहमीचं उत्तर द्यायला सुरुवात केली. "दादा, नवीन गिऱ्हाइकाची नोंद करताना जन्मतारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तुमची काउंटरवरची मुलं घाईत असतात, तारीख विचारत बसत नाहीत. यादीत पहिली दिसते तीच दाबून पुढे जातात. म्हणून तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा जन्म एक जानेवारीला..."

आणि मी बोलता बोलता थांबले.

"हॅलो? मॅडम? आहात ना?"

"दादा," मी म्हटलं, "तुमचे फार उपकार झाले. उद्या फोन करते."

"अहो, पण माझं काम?" तो ओरडत होता तोवर मी हेडफोन काढून स्कूटरची किल्ली शोधत होते.

पवईच्या ट्रॅफिकला शिव्या घालत मी मुलुंडला पोचले ती थेट शुभंकर मेडिकल अँड जनरलमध्ये. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरचं हे दुकान. औषधं, बाळाचं सामान, कुत्र्यामांजराचं खाणं, गोळ्याबिस्किटं, सगळं एकाच काउंटरवर मिळतं, आणि प्रत्येक बिलाला मोबाईल नंबर विचारतात. मालक राजेशदादा माणूस सरळ, पण जरा भोळसट. बिलिंग आमच्याच सॉफ्टवेअरवर. कॉम्प्युटरवर गणपतीचा फोटो चिकटवलेला आणि त्याच्याखाली पासवर्डची चिठ्ठी.

"राजेशदादा, हा पासवर्ड किती जणांना माहीत आहे?"

"काय बोलतेस! कोणालाच नाही."

"शुभंकर एकदोनतीन," माझ्या मागून आवाज आला. "गेल्या महिन्यात तुमचा चष्मा घरी राहिला होता, तेव्हा तुम्हीच मला ओरडून वाचायला सांगितला होतात."

मागे जयंतीबाई उभ्या होत्या. जयंतीबाई म्हणजे आमच्या सोसायटीतल्या, बी विंगच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या अकोल्याच्या. महापालिकेच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. अजूनही समोरच्याने काही सांगितलं की 'कशावरून?' म्हणतात. दरबाराला त्या आल्या नव्हत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली पिशवीच काउंटरवर ठेवून दिली.

राजेशदादाच्या सिस्टीममध्ये कोण कुठून शिरलं ते दिसतं. काउंटर दुकानात एकच होता. पण दर रविवारी सकाळी, दरबाराच्या वेळी, त्याच पासवर्डने आणखी कोणीतरी आत यायचं, टॅबवरून. टॅबच्या मालकाने टॅबला आपलं नाव दिलं होतं: सहदेव.

"सहदेव!" राजेशदादाने कपाळावर हात मारला. "माझ्याकडे काउंटरला होता. दिवाळीत सोडून गेला. कुठे चाललास विचारलं तर म्हणतो, अध्यात्मात चाललोय."

"आणि तुम्ही पासवर्ड बदलला नाहीत?"

"अगं, नवीन लक्षात कोण ठेवणार?"

मी आत्याचा नंबर घातला. समोर आलं: 'सुलक्षणा आत्या मांजर'. काउंटरवरच्या मुलांनी ओळखायला सोपं जावं म्हणून नावापुढे मांजर जोडली होती. खाली साखरेच्या गोळ्या, दाबाच्या गोळ्या, मांजरीचं खाणं. गेल्या वर्षापर्यंत दम्याचा पंप, मग एकदम बंद. पंपासोबत दर आठवड्याला आलेपाक, तोही तेव्हाच बंद.

"काका यायचे ना," राजेशदादा हळू आवाजात म्हणाला, "नंबर विचारला की आत्यांचाच द्यायचे. स्वतःचा कुठे पाठ होता त्यांना!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग मी नाक पुसलं आणि म्हटलं, "बदला पासवर्ड. आत्ताच्या आत्ता."

"थांब," जयंतीबाई म्हणाल्या. "आज बदललास तर रविवारी महाराज म्हणणार, अंकांना ग्रहण लागलं. लोक ग्रहणालाही नमस्कार करतील. तुझी आत्या गोळी घेईल का?"

घेणार नव्हतीच. तरी संध्याकाळी मी तिला सांगून पाहिलं. तिने मला वेड्यात काढलं. "दुकानात महाराज कित्याक जातीत गो? तेंका काय साबू होयो होतो?"

उपाय जयंतीबाईंनीच काढला, आणि तो त्यांच्या नावावर आधीपासून साठत होता. त्याचं असं, की शुभंकरमध्ये प्रत्येक बिलावर पॉइंट मिळतात. एकेकटीचे पॉइंट जमून जमून जमणार किती? म्हणून बी विंगच्या सगळ्या बायका किरकोळ खरेदीला आपापला नंबर देतात, पण बिल जरा मोठं असलं की जयंतीबाईंचाच सांगतात. पॉइंट एका जागी साठतात आणि वर्षअखेरीला त्यातून सोसायटीच्या मुलांना बक्षिसं येतात. आमच्याकडे कोणालाही रात्री झोपेतून उठवून विचारा, जयंतीबाईंचा नंबर पाठ असतो. जयंतीबाई एकट्या राहतात, आणि राजेशदादा इतके दिवस समजत होता की बाईंचं खटलं फार मोठं आहे आणि त्यातलं कोणी ना कोणी सतत आजारी असतं.

"रविवारी मी जाते दर्शनाला," जयंतीबाई म्हणाल्या आणि मिश्किल हसल्या.

रविवारी हॉल पुन्हा गच्च. आत्या पहिल्या रांगेत, पण चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मी तिच्या मागेच उभी राहिले. राजेशदादा दुकानात कॉम्प्युटरपाशी बसला होता, मी मेसेज केला की पासवर्ड बदलायचा असं ठरलं होतं; तो बदलला की आत शिरलेले सगळे आपोआप बाहेर पडतात. हे फसलं तर आत्या पुन्हा कधीच माझं ऐकणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"पुढची माई!" महाराज म्हणाले. जयंतीबाई चष्मा सारखा करत उभ्या राहिल्या आणि पाढे म्हणावेत तशा संथ आवाजात एकेक अंक म्हणू लागल्या. तिसऱ्या-चौथ्या अंकाला मागच्या बायकांना नंबर ओळखीचा वाटला आणि सवयीने त्याही बरोबर म्हणू लागल्या. शेवटचे अंक तर अख्ख्या बी विंगने कोरसमध्ये म्हटले.

महाराज हर्षभरित झाले. "बघा! अंकांची शक्ती बघा! सर्वांच्या मुखी आपोआप प्रकट होतेय!"

आणि त्यांनी सूर लावला. "हम्म्म्म... जयंती!"

"हो," जयंतीबाई म्हणाल्या.

"घरात तान्हं बाळ आहे."

"मी एकटीच राहते."

"येणार आहे," महाराज म्हणाले.

जयंतीबाईंच्या पिकल्या केसांकडे बघून हॉलमध्ये खसखस पिकली. महाराजांनी फेट्यावरून कान दाबला. "नाही, आहेच. बाळाचे डायपर दिसतायत मला, ढीगभर."

"अगं बाई, ते माझ्या बाळाचे!" शकु ओरडली.

"दात!" महाराज घाईघाईने पुढे गेले. "दातांची कवळी आहे तुला. पाण्यात ठेवतेस."

"ती माझ्या सासूबाईंची!" मागून सपना म्हणाली.

"केसाळ कुत्रा आहे! त्याला गोचिडी झाल्यायत!"

"नाही हं, आता गेल्या!" तेजल उभी राहून तक्रारीच्या सुरात म्हणाली. तिचा ब्रुनो सगळ्या विंगला माहीत आहे.

"दाढी करतेस तू!" महाराजांच्या तोंडून गेलं, आणि आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं. हॉल फुटला. वॉचमन तर खालीच बसला. "केस काळे करतेस," महाराजांनी सावरायला म्हटलं. जयंतीबाईंचं डोकं तर कापसाचं. पण डायपर, कवळी, कुत्रा, सगळ्याला मालकीण मिळाली होती, आणि या काळ्या केसांवर मात्र एकही बाई बोलली नाही. जी ती छताकडे बघत होती.

"आणि जन्म?" जयंतीबाईंनी विचारलं.

"एक जानेवारी," महाराज म्हणाले, पण आवाज गेला होता.

जयंतीबाई वर्गाकडे वळावं तशा गर्दीकडे वळल्या. "बाळ शकुचं, दात सपनाच्या सासूबाईंचे, कुत्रा तेजलचा. दाढी कोणाच्या तरी नवऱ्याची. हे सगळं माझ्या एका नंबरात कसं आलं? विचार करा जरा. आपण सगळ्या हा नंबर कुठे सांगतो?"

मग शकु पुटपुटली, "शुभंकरच्या काउंटरवर."

"सामूहिक कर्म!" महाराज कडाडले. "एका अंकात अनेक आत्मे वास करतात! हे तर पुराणातच..." आणि खरं सांगते, पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानेही वाजवल्या. जयंतीबाईंना हे आधीच माहीत असावं, त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी राजेशदादाला मेसेज केला: 'आता'.

"महाराज, माझा नंबर बघा ना," मी म्हटलं आणि दहा अंक सांगितले.

"हम्म्म्म," महाराजांनी सुरुवात केली. सूर चालू राहिला. मध्ये श्वास घेऊन पुन्हा चालू झाला. महाराजांच्या कपाळावरून घाम ओघळून दाढीत शिरला. फेटा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. लोक आधी भक्तीने बघत होते, मग नुसतेच बघत होते. इतक्यात सोनेरी पडदा हलला, त्यातून टॅब घेतलेला सहदेव वाकून बाहेर आला आणि महाराजांच्या खांद्याशी कुजबुजला. महाराजांच्या छातीवरचा माइक चालू होता. हॉलच्या चारही स्पीकरमधून खणखणीत आवाज आला:

"महाराज, पासवर्ड चुकीचा दाखवतंय!"

आणि पाठोपाठ, आणखी काकुळतीने:

"शुभंकर वन टू थ्री टाकलं, तरी घेत नाय!"

राजारामभाऊ उठले. त्यांचा गुडघा त्या वेळी मुळीच धरला नव्हता. "म्हणजे माझं इसबगोल याला दुकानातनं कळलं? आणि मी सगळ्या सोसायटीसमोर..."

मी महाराजांच्या छातीवरचा माइक काढून हातात घेतला. चमत्कार कसा झाला ते सरळ सांगितलं. आपण काउंटरवर नंबर देतो. त्या नंबराखाली आपलं नाव आणि आपण घेतलेली प्रत्येक वस्तू साठत जाते. दुकान सोडून गेलेला नोकर त्याच जुन्या पासवर्डने पडद्यामागून ते उघडतो आणि फेट्याखालच्या कानातल्या यंत्रात वाचून दाखवतो. नेट हळू चाललं की महाराजांचा सूर लांबतो. जन्मतारीख काउंटरवरच्या मुलांनी घाईत ठोकून दिलेली असते, म्हणून आपला आत्मा एक जानेवारीला उतरतो. यात दैवी काही नाही. चोरी आहे.

"आणि आलेपाक?"

आत्या उभी राहिली होती. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"काका दर आठवड्याला घ्यायचे, आत्या. तुझ्या नंबरावर. स्वतःचा त्यांना पाठ नव्हता."

आत्याने पिशवीतल्या बाटलीकडे पाहिलं. मला वाटलं, मी तिचा नवरा दुसऱ्यांदा हिरावून घेतला. मग ती पदर खोचून महाराजांच्या समोर गेली. माझ्या हातातला माइक अजून चालू होता, तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"माझे घरवाले रोज राती गोळी माझ्या हातार ठेवीत आणि पाण्याचो पेलो घेवन उभे रवत. मी गिळीपर्यंत हलत नसत. इतकी वर्सा. ते माका गोळ्यो सोड म्हणान सांगतले?" तिने पिशवीतली जलाची बाटली काढून महाराजांच्या पुढ्यात ठेवली. "ह्या माका पयल्याच दिवशी कळाक होया होता. त्याका कम्प्युटर कशाक होयो!"

मग ती माझ्याकडे वळली. "घराक चल गो. गोळी खंय ठेवलंय ता बघूक होया."

महाराजांना आणि सहदेवला लोकांनी पोलीस येईपर्यंत जागचं हलू दिलं नाही. तक्रारीवर पहिली सही राजारामभाऊंनी केली. राजेशदादाने दरबारात येऊन सगळ्यांसमोर कान धरले, आणि ते त्याने धरायलाच हवे होते. आपल्या गिऱ्हाइकांचं दुखणंखुपणं ज्याच्याकडे विश्वासाने जमा होतं, त्याने पासवर्डची चिठ्ठी गणपतीच्या भरवशावर लावून कसं चालेल?

पुढचा आठवडाभर कामावरून आले की मी शुभंकरमध्ये बसून नोंदी साफ करून दिल्या. प्रत्येक कामगाराला वेगळा पासवर्ड, काम सोडलं की तो बंद. जयंतीबाईंच्या नोंदीला 'बी विंग महिला मंडळ' असं नाव दिलं. आमच्या कंपनीच्या साहेबांशी भांडून जन्मतारखेचा रकाना रिकामा सोडायची सोय करून घेतली, घाटकोपरचा साडीवालाही खूश झाला. डॉक्टर माधुरीने आत्याला तपासून भरपूर झापलं, तिची साखर हळूहळू उतरली, आणि मग एके संध्याकाळी ती स्वतः दुकानात आली.

"ह्यांचा काय आसा ता माका दाखव."

मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. ती आलेपाकाच्या ओळींवरून बोट फिरवत राहिली. "माका सांगत, बंद केलंय म्हणान! दर आठवड्याक! लबाड!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"आत्या, तुझा खरा वाढदिवस कधी? इथे दुरुस्त करते."

"गणपतीत झालंय मी. गौरी येवच्या दिवसा. वर्स कोणाक ठावक?"

"मग काय लिहू?"

"ठावक नाय तर कित्याक लिवतंस? रिकामा ठेव."

मी रिकामा ठेवला. मला वाटतं, आपल्याला एवढंच जमायला हवं. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणायचं आणि ती जागा रिकामी ठेवायची. ती कोणा महाराजाला भरू द्यायची नाही. आणि चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एकदा विचारायचं, हे याला कळलं कुठून? हे विचारायला शिक्षण लागत नाही, कॉम्प्युटरही लागत नाही. औषधं मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यायची आणि डॉक्टरांना विचारूनच सोडायची.

आत्याने गोळ्या घेतल्या. काउंटरवर नवीन मुलगी होती, तिने बिल करता करता सवयीने विचारलं, "आजी, मोबाईल नंबर?"

आत्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"कशाक होयो? आधी ता सांग."

मुलगी गोंधळली आणि राजेशदादाकडे बघू लागली. तेवढ्यात आत्याच्या मागे रांगेत उभे असलेले राजारामभाऊ पुढे झाले आणि म्हणाले, "हो, सांग ना. कशाला हवा? मलाही ऐकायचंय."